आण्णांच्या खिशातला पंप

आमच्या घरात सकाळ कोंबड्यानं होत नसे, गिरणीनं होई. काष्टीत बाजारतळाच्या अंगाला आमचं घर, पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या. शेडमध्ये उजव्या हाताला पिठाची गिरणी, डाव्या हाताला मिरची कांडप. मी गोधडीत असतानाच पट्ट्याची फटफट ऐकू यायची, मग जात्याची घरघर, आणि मग मांडणीवरची ताटं थरथरायला लागायची. आई कधी उठते हे घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, शेजारच्या गावच्या शाळेत शिपाई होते. ते भेटेल त्याला कौतुकानं सांगायचे, "आमची मंडळी सूर्याच्या आदी कामाला लागती." मी तेव्हा बी.ए. करून घरी बसले होते. बसले होते असं गाव म्हणायचं. मला मात्र बूड टेकायला मिळत नसे. दळणाचे डबे तोलायचे, चाळण्या झाडायच्या आणि मधूनमधून बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोहे घेऊन जायचं, ही माझी नोकरी. एका पाहुण्यानं तर मला गिरणीवर ओझरतं बघून 'मुलगी गोरी आहे' असा निरोप पाठवला आणि पीठ धुऊन समोर बसल्यावर तो परत घेतला. आई त्यावर आठवडाभर हसत होती. हसता हसता खोकायची आणि खोकता खोकता उठून आत जायची.

बौद्धाच्या गिरणीवर दळण टाकायचं की नाही, हा प्रश्न गावानं सुरुवातीला पुष्कळ दिवस चघळला. पण मिरची कांडप आसपास दुसरं नव्हतं, आणि उन्हाळ्यात मसाल्याचा वास सुटला की मोठमोठ्या घरांचे नियम ढिले पडतात. दळण नोकराच्या हाती पाठवता येतं, मसाला पाठवता येत नाही. कुणाच्या मसाल्यात धणे किती, दगडफूल किती, खोबरं भाजून की तसंच, हे घराबाहेर जाता कामा नये म्हणून बाया स्वतः यायच्या, मिरचीच्या पाट्यांवर नजर ठेवून बसायच्या आणि मुसळ थांबेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. त्यातल्या एक गोदाआक्का. मळ्यातल्या बड्या घरातल्या थोरल्या सूनबाई, अंगानं भक्कम, कमरेला पानसुपारीची चंची, आणि आवाज असा की मुसळांवरनं ऐकू यावा. त्या दरवर्षी यायच्या, आपला पाट घरून आणायच्या आणि तहान लागली तरी आमच्या घरचं पाणी मागायच्या नाहीत. आम्हीही विचारायचो नाही. आई म्हणायची, "ज्याची त्याची तहान. आपन कशाला इचारायचं?"

आईला दमा होता. कधीपासून, हे तिलाही सांगता आलं नसतं. आण्णांनी त्यासाठी जे जे केलं त्याची आठवण काढली तरी मला त्यांची माया आणि हट्ट दोन्ही एकदम आठवतात. अडुळशाचा काढा झाला, पाठीला गरम तेल झालं, रुईच्या पानांचा शेक झाला. घरात बाबासाहेबांचा फोटो लावणारे आणि अंगारेधुपारे दारात उभे न करणारे आमचे आण्णा, पण कुणी सांगितलं की कोजागरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देतात, तर आईला एसटीत घालून तिकडंही घेऊन गेले. खीर चांगली होती, असं आई म्हणाली. शेवटी दौंडच्या एका डॉक्टरांनी तोंडात धरून औषधाचा फवारा ओढायचा निळा पंप लिहून दिला. तो घरात आला त्या दिवशी आमच्याकडे सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पंप लागला म्हणजे दमा शेवटाला गेला, असंच सगळे समजायचे. पंपाची सवय लागते, मग तो सुटत नाही, मग तोही लागू पडेनासा होतो, असं ज्यांनी आयुष्यात पंप पाहिला नव्हता तेसुद्धा छातीठोकपणे सांगायचे.

आण्णांनी यावर आपला तोडगा काढला. पंप त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला. सदऱ्याच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी तो कायम असायचा. आईला दम लागला की ते तिला भिंतीशी बसवायचे, पाठीला कान लावायचे, नखं बघायचे, ओठ बघायचे, आणि मग निकाल द्यायचे. छातीत शिट्टी वाजत असली तर पंप. शिट्टी नसली तर "आजून लागत न्हाई, पानी पी." कधी आई म्हणायची, "द्या की एक." आण्णा म्हणायचे, "सकाळीच दिलाय न्हवं? सवय लागंल बग." आणि खरंच सांगते, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बायकोच्या आजारपणाकडं इतकं लक्ष देणारा नवरा आमच्या आळीत दुसरा नव्हता. बाया आईला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. आज माझ्या स्वतःच्या पर्समध्ये पंप असतो. चाळिशी उलटल्यावर तो मलाही लागला. माझा मुलगा एकदा प्रेमानं म्हणाला, आई, तू विसरतेस, मी ठेवतो माझ्याजवळ. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा दोन दिवस बोलला नाही. त्याला हे सगळं कुठं माहीत होतं?

तो बाजाराचा दिवस होता, मिरचीचा ऐन हंगाम. शेडमध्ये पाट्याच पाट्या, बाहेर बाजारतळावर गुरांचं हंबरणं, टेम्पोंची भोंगाभोंगी, भज्यांचा वास. सकाळी कर्जतकडून एक पोरगा मोटरसायकलवर आला. आण्णांचे मेहुणे, आमच्या आत्याचे यजमान, गेल्याचा निरोप होता. आण्णा खुंटीवरचा सदरा अंगात घालून तसेच मागे बसले आणि गेले. जाताना मला म्हणाले, "आईकडं बग." मी मान हलवली. ते निघून गेले तेव्हा आम्ही सगळेच मेलेल्या माणसाचा विचार करत होतो, त्यामुळे जिवंत माणसाचा पंप त्यांच्या खिशात गेला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुपार व्हायच्या आत आई कांडपाजवळ उभी असताना मी तिला खाली बसताना पाहिलं. पदर नाकाला, एक हात जमिनीवर. मी मशीन बंद केलं. मुसळं थांबली आणि मग तिच्या छातीतली शिट्टी सगळ्या शेडला ऐकू आली. मी तिला ओढत बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं. "पंप कुटंय?" मी विचारलं. तिला बोलता येत नव्हतं. ती आपल्या डाव्या छातीवर बोटं आपटत होती, पुन्हा पुन्हा. एक बाई ओरडली, "अगं बया, काळजात कळ आली हिच्या!" दुसरीनं तिची छाती चोळायला घेतली. आई तिचा हात ढकलत होती, माझ्याकडे बघत होती आणि पुन्हा तिथंच बोटं आपटत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती काळीज दाखवत नव्हती. ती आण्णांचा खिसा दाखवत होती. कर्जत कुठं, काष्टी कुठं, आणि फोन करायचा तर मयताच्या घरी फोन कुणाकडे होता? मी नुसती उभी राहिले. माझी आई समोर गुदमरतेय आणि तिचं औषध कुणाच्या तरी मयतीला गेलंय, हे मला खरं वाटेना.

बायांनी पाणी आणलं, कांदा हुंगवला, वारा घातला. आणि मग हळूहळू शिट्टी कमी झाली. अगदी कमी झाली, मग थांबली. आई ओट्याच्या खांबाला टेकून गप बसली, डोळे अर्धे मिटलेले. "उतरला गं बाई दम," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मीही टाकला. एकजण चहा ठेवायला आत निघाली. आण्णांचाच नियम होता ना, शिट्टी नाही म्हणजे दमा नाही.

गोदाआक्का तोवर आपल्या पाटावर मिरची राखत बसल्या होत्या. त्या उठल्या, आल्या, आईच्या पुढ्यात वाकल्या आणि तिचा गाल दोन बोटांनी धरून तोंड वर केलं. आईचे ओठ जांभळासारखे झाले होते. "च्या कुनाला करताय गं?" आक्का ओरडल्या. "बाई चालली की. आवाज गेला म्हंजी बरं झालं व्हय? वारंच आत जाईना तर वाजंल काय?" मग त्यांनी जे केलं ते मी अजूनही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आणू शकते. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारी, अडकित्ता, काताचा डबा भराभर ओट्यावर टाकला आणि तळातून निळा पंप काढला. तस्साच, आण्णांच्या खिशात असायचा तसा. टोपण दातानं ओढलं, पंप खसाखसा हलवला, आणि आईच्या ओठांत खुपसला. "वड. आत वड म्हंते ना! थोडं तरी वड." पुसला नाही, पदरानं टिपला नाही, काही नाही.

आम्हा सगळ्यांना दोन धक्के एकदम बसले होते आणि कुठल्याकडे आधी बघावं हे कळत नव्हतं. गोदाआक्कांना दमा? गावात ज्यांच्या आवाजाला माणसं दचकायची, त्या गोदाआक्कांना? आणि आमच्या घरचा तांब्या न शिवणाऱ्या बाईनं आपल्या तोंडातला पंप माझ्या आईच्या तोंडात घातला होता. आईनं कसाबसा एक घोट वारा ओढला. आक्कांनी थांबून पुन्हा दाबला. मग पुन्हा. आणि आईच्या छातीत परत बारीक शिट्टी वाजायला लागली. मी रडायला लागले. आक्का म्हणाल्या, "रडती कशाला? वाजाय लागलं हे बरं हाय. टेम्पो बग जा."

बाजारतळावर एक टेम्पो बैल उतरवत होता. ड्रायव्हर भला माणूस, बैल अर्धा उतरला तोच मागचं फळकूट लावायला निघाला. आईला मागे कडब्यावर निजवायला लागले तर आक्कांनी पुन्हा आवाज चढवला, "त्या भुसकाटात मारताय का तिला? फुडं बसवा, सरळ!" आईला पुढे बसवलं, मी तिला धरून. टेम्पो सुटायच्या आधी आक्कांनी पंप माझ्या मुठीत कोंबला. "वाटंत लागला तर दे." मग खिडकीशी तोंड आणून, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "आन हे कुनाला बोलू नगंस. आमच्या घरात कुनालाच म्हाईत न्हाई." हे म्हणजे काय, पंप की उष्टं, हे मी विचारलं नाही, आणि टेम्पो भीमेच्या पुलाकडे लागला. पंप पुढे आईनं स्वतः धुऊन, त्यांच्या मसाल्याच्या डब्यात वर ठेवून परत केला. त्यांचं नाव इथं मी बदललं आहे. त्या आता नाहीत, पण शब्द तो शब्द.

दौंडच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आईला ऑक्सिजन लावला, औषधाच्या वाफेचं मशीन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि दुपारभर तिच्यापाशीच घुटमळत राहिल्या. तिसऱ्या प्रहरी आण्णा आले. त्यांना कुठून, कसा निरोप मिळाला कोण जाणे, पण ते आत आले ते पंप हातात धरूनच. डोळे लाल, सदरा घामानं भिजलेला. डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी पंप असा केला, जणू हरवला नाही, जपून ठेवलाय, हे दाखवायचं होतं. "मॅडम, हा बगा, हा माझ्या खिशातच असतोय. मी कवाच इकडंतिकडं हू देत न्हाई."

बाईंनी पंपाकडे बघितलं, आण्णांकडे बघितलं. "दमा कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"हिला, मॅडम."

"मग हा तुमच्या खिशात काय करतो?"

आण्णा हसल्यासारखे झाले. मग त्यांचा चेहरा असा उतरत गेला की मला बघवेना. सकाळपासून माझ्या पोटात त्यांच्याबद्दल राग साठला होता, तो मी त्यांच्या अंगावर ओतणार होते, पण त्या क्षणी तो कुठं गेला कळलं नाही. ते भिंतीला धरून स्टुलावर बसले. बाई रागावल्या नव्हत्या. त्या आईकडे वळल्या आणि त्यांनी तिला जे विचारलं ते इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. "तुम्हाला दम लागणार हे तुम्हाला आधी कळतं का?"

आई म्हणाली, "कळतंय की."

"आज कधी कळलं?"

"पहाटंच."

"मग बोलला का नाहीत?"

आई चादरीची सुरकुती काढत बसली. मग आण्णांकडे न बघता बोलायला लागली, अडखळत, दोन शब्दांनी थांबत. रोज पहाटे छाती वाजते. रोज. हे उठले की कान लावणार, नखं बघणार, मग सवय लागंल म्हणणार, रात्रभर जागे राहणार, सकाळी तारवटल्या डोळ्यांनी शाळेत जाणार. म्हणून ती त्यांच्या आधी उठायची आणि गिरणी चालू करायची. "मोकळीच फिरवायची, मॅडम. दळान नसलं तरी. तिच्या आवाजात माजा आवाज जातोय."

रोज सकाळी गोधडीत पडून मी जो आवाज सुखानं ऐकत होते, आण्णा ज्याचं गावभर कौतुक सांगत होते, त्याच्याखाली माझी आई एकटी धापा टाकत बसलेली असायची, आणि वर त्या जात्याचा कोंडा तिच्याच नाकातोंडात जात होता. आजही फ्लॅटच्या खाली कुणाची मोटर सुरू झाली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. मी आता राहते त्या सावेडीतले शेजारी म्हणतात, या बाईंना आवाजाचा त्रास आहे.

आई दवाखान्यात होती तेवढ्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी तिला शाळाच घातली. निळा पंप दम लागल्यावर, आणि तपकिरी पंप रोज, बरं वाटत असलं तरी, म्हणजे मुळात दम लागायची वेळच कमी येईल. आधी सगळा श्वास सोडायचा, मग पंप दाबताना हळू आत ओढायचा, मग धरून ठेवायचा. तपकिरी घेतल्यावर चूळ भरायची. आईला पहिल्यांदा जमेना, पांढरा फवारा तोंडातून बाहेर यायचा. मागून आण्णा, "दाब, दाब! आता वड! अगं वड की!" शेवटी बाई म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." आण्णा चहा न घेता दाराबाहेर उभे राहून फटीतून बघत राहिले.

एक गोष्ट अडली. बाई म्हणाल्या, रोज सकाळी एका श्वासात किती अंक म्हणता येतात ते बघायचं, कमी झाले की समजायचं छाती आवळतेय. आई म्हणाली, "आकडं मला कुटं धड येत्यात? इसाच्या फुडं गोंधळ हुतोय. त्रिसरन म्हनलं तर चालंल का?" बाईंना त्रिसरण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आईनं बुद्धवंदनेतल्या, 'बुद्धं सरणं गच्छामि'पासूनच्या, तीन ओळी म्हणून दाखवल्या. बाईंनी ऐकल्या आणि म्हणाल्या, छान, रोज हेच. मग दोघींनी मिळून ठरवलं. तिन्ही ओळी एका दमात निघाल्या तर दिवस चांगला. दुसऱ्या ओळीत तुटलं तर निळा पंप आणि कांडपाकडे फिरकायचं नाही. पंप घेऊनही पहिल्याच ओळीत तुटत असलं, किंवा पंपाचा गुण टिकत नसला, पुन्हा पुन्हा घ्यावा लागत असला, तर कुणाची वाट न बघता सरळ दवाखाना. "कुणी काहीही म्हणो," बाई म्हणाल्या. हे शेवटचं त्यांनी दाराकडे बघून म्हटलं.

घरी आल्यावर आईनं पहिलं काम काय केलं असेल, तर चोळ्यांना आतून खिसे शिवले. मग आण्णांपुढे हात केला. आण्णांनी पंप दिला, पण तो हातातून सुटायला वेळ लागला. "हरवशील," ते म्हणाले. "न्हाई हरवायची." "जास्त घेशील." "घीन. मॅडमना इचारून घीन." आण्णा दोन दिवस घरात पाहुण्यासारखे वावरले. कुठं हात ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. कांडपाचा निर्णयही आईनंच घेतला. ते मी बघायचं, नाकातोंडाला फडकं बांधून, आणि ते चालू असताना ती मागच्या खोलीत. मोकळी गिरणी पुन्हा कधी फिरली नाही. आमच्या घरात पहाट शांत झाली. त्या शांततेत ऐकू यायचं ते आईचं त्रिसरण, आणि आम्ही दोघं बापलेक गोधडीत श्वास रोखून ऐकत असायचो की ओळ पुरी होते का. लग्नाच्या वयाची मी, आईनं एक ओळ धड म्हटली की लहान पोरीसारखी हरखून जायचे.

आणि मग ती थंडीतली सकाळ आली. आई चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापत होती, अंगावर शाल, चेहरा नेहमीसारखा. पहाटे तिचं त्रिसरण तुटल्याचं आम्ही ऐकलं होतं, तिनं पंप घेतला, बरं वाटलं म्हणाली, आणि कामाला लागली. भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं पुन्हा पंप घेतला. थोडा वेळ गेला. मग तिनं पीठ माखलेले हात धुतले, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "चला. मला दौंडला न्या."

आण्णा पुढं आले. सवयीनं तिला भिंतीशी बसवायला लागले. "काय हुतंय? बोलतीस तर चांगली."

"पंप टिकंना. दोनदा घिऊन झाला."

आण्णांनी पाठीला कान लावला. नखं बघितली. ओठ बघितले. "अगं, कायबी न्हाई. शिट्टी बी बारीकच हाय. जरा पड, मी काढा करतो. थंडीचं कुटं जातीस? वाटंत जास्त हुईल."

मी मधे उभी होते, आणि मला लाज वाटते सांगायला, मलाही आण्णांचंच पटत होतं. दिसत होती ती चांगलीच. आई आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "छाती माजी हाय." बस, एवढंच. चपला घातल्या आणि निघाली. भांडण नाही, आवाज चढवला नाही. आम्ही दारात येईपर्यंत ती रस्त्याला लागलीसुद्धा होती, शाल घट्ट धरून, चार पावलं चालून थांबत, पुन्हा चालत. दुधाच्या टेम्पोला तिनं स्वतः हात केला. आण्णा अनवाणीच धावले. मी घर उघडं टाकून त्यांच्या मागे.

पुलापर्यंतही ती नीट होती. पुलावर तिचं बोलणं तुटायला लागलं. दवाखान्याच्या पायरीशी तिला उतरवलं तेव्हा ती माझ्या अंगावर कलंडली, आणि मग सगळी धावपळ, मशीन, ऑक्सिजन, दार लावून घेणं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या कपाळ पुसत. "आता ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पण घरी थांबला असता, तर काढा उकळेपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नसता." काढ्याचं त्यांना आईनंच सांगितलं असणार. त्या आत गेल्या. दाराच्या फटीतून आईचा आवाज येत होता. नर्स नाव विचारत होती आणि आई नाव, गाव, तालुका हळूहळू सांगत होती.

आण्णा बाकावर बसले होते, अनवाणी पाय एकावर एक ठेवून, तळव्यांना रस्त्याची माती. मी शेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"संगे, आज मी लई नीट बगितलं हुतं गं. नखं, व्हट, पाठ, समदं बगितलं. मला कायबी दिसलं न्हाई."

"मलाबी न्हाई दिसलं, आण्णा."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली ती त्याआधी किंवा त्यानंतर कुठल्याच माणसाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

"मंग इतकी वर्सं," ते म्हणाले, "मी काय बगून ठरवत हुतो?"